घरीं बांधलेल्या मोटारीस जुनी टांकी बसवितांना

शेतकऱ्याच्या घरीं मोडकें लोखंड सहसा वायां जात नाहीं. झिजलेल्या फाळाचें खुरपें होतें, जुन्या धावेच्या कड्या होतात. हीच काटकसरीची बुद्धि आतां मोटारीपर्यंत पोंचली आहे. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवच्या एका कारागिरानें भंगारांतील सामानापासून लहान चारचाकी गाडी बनविल्याची हकीकत २०२१ सालीं वर्तमानपत्रांतून सर्वत्र प्रसिद्ध झाली, तेव्हांपासून अनेक होतकरू तरुणांना हा नाद लागला आहे. आमच्या पुतण्यानेंही मळ्यांतल्या मळ्यांत चारा व खत वाहण्यासाठीं अशीच एक गाडी बांधावयास घेतली. तीन सिलिंडरांचें, कार्ब्युरेटराचें ७९६ घनसेंटिमीटर इंजिन मिळालें, चाकें मिळालीं. काम अडलें तें पेट्रोलच्या टांकीपाशीं. टांकी म्हणजे नुसता तेलाचा डबा, तो कोठेंही बांधला तरी चालतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो जिवावर कसा बेततो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खरेदीविषयीं. महसूल खात्यांत दप्तर सांभाळण्यांत आमचें आयुष्य गेलें, त्यामुळें कागदाची संवय जडली आहे. सात-बारा पाहिल्यावांचून कोणी जमीन घेत नाहीं. तद्वत् मोडीत निघालेल्या गाडीचा नंबर घातलेली पावती घेतल्यावांचून जुनें सामान घेऊं नये. चोरीचा माल पदरीं पडला तर स्वस्ताई महागांत जाते. त्यानंतर माप घ्यावें. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास हजारांनीं भागावें, म्हणजे लिटर निघतात. आमची टांकी ६० लांब, ३५ रुंद व १५ उंच. म्हणजे साडेएकतीस लिटरांची. परंतु ती कांठोकांठ भरूं नये. तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं पेट्रोल शेंकडा सुमारें एक भाग फुगतें. करितां दहावा हिस्सा रिता ठेवावा. आंतील गंज पाहण्यास विजेची बत्तीच वापरावी, काडी कदापि ओढूं नये. सांध्यांवर व तळाशीं बोटानें टिचकी मारावी. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर ती टांकी तेथेंच ठेवून यावें.

आतां मुख्य गोष्ट. आम्हीं प्रथम आणलेल्या टांकीस मोहरीएवढें छिद्र निघालें. पुतण्यानें ती दोनदां पाण्यानें विसळली, नाकास वास येईना, म्हणून ती वेल्डिंगवाल्याकडे नेली. ठिणगी पडणार इतक्यांत आम्ही तेथें जाऊन पोंचलों व काम थांबविलें. रिकामी टांकी भरलेल्या टांकीपेक्षां घातक असते, याचें कारण असें: द्रवरूप पेट्रोल जळत नाहीं, त्याची वाफ जळते, आणि ती वाफ हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात भाग मिसळली कीं ठिणगीसरशी स्फोट होतो. भरलेल्या टांकींत वाफेला हवा पुरत नाहीं. रित्या टांकींत मात्र तिला हवें तेवढें मोकळें रान असतें. आमच्या टांकीएवढ्या जागेंत चहाचा एक चमचा पेट्रोल यास पुरे, आणि तेवढें तर सांध्यांत व गंजाखालीं सहज दडून राहतें. ही वाफ हवेहून तिप्पट ते चौपट जड असल्यामुळें ती तळाशीं बसते व नुसतें तोंड उघडें ठेवून निघून जात नाहीं. करितां आमचा ठाम सल्ला आहे कीं, छिद्र पडलेली टांकी घरीं वा गांवच्या दुकानीं जोडूं नये. टाकून द्यावी व दुसरी घ्यावी. आम्हींही तेंच केलें. थोडे रुपये बुडाले, पण वेल्डिंग करणाऱ्या त्या तरुणाच्या घरीं दोन लहान लेंकरें आहेत, हें आठवलें म्हणजे ते रुपये फार थोडे वाटतात.

दुसरी टांकी शाबूत होती. ती कढत पाणी व धुण्याचा सोडा घालून अनेक वेळां धुतली, मूठभर खडे आंत घालून हलवून गंज सोडविला, खडे मोजून बाहेर काढले व टांकी कडक उन्हांत पूर्ण वाळविली. पाण्याचा अंशही राहूं देऊं नये. २०२३ पासून आपल्या देशांत शेंकडा वीस भाग इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आहे. आपल्याच उसापासून निघणारें हें इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि पाणी फार झालें तर पेट्रोलपासून वेगळें होऊन तळाशीं बसतें. जुन्या रबरी नळ्याही त्यानें खराब होतात. म्हणून नळ्या नव्या व इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्या. फवारणीच्या पंपाची नळी लावण्याचा मोह टाळावा.

जागेची निवड विचारपूर्वक करावी. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडींत टांकी मागच्या आंसाच्याही मागें होती. पाठीमागून धक्का बसतांच ती फुटून आग लागे. अखेर १९७८ सालीं कंपनीला सुमारें पंधरा लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. त्यावरून बोध घेऊन टांकी दोन्ही आंसांच्या मधें, सांगाड्याच्या आंतल्या बाजूस व धुराच्या नळीपासून दूर ठेवावी. त्याच कंपनीच्या १९०८ ते १९२७ पर्यंतच्या मॉडेल टी गाडींत टांकी बैठकीखालीं असे व पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे जाई. त्यामुळें उभ्या चढावर इंजिन बंद पडे आणि लोक गाडी उलटी करून चढ चढत! म्हणून टांकी कार्ब्युरेटराच्या खालीं असेल तर पंप हवाच. वर असेल तर मधें बंद करण्याची तोटी हवी.

टांकी पट्ट्यांनीं आंवळून बसवावी व पट्टा आणि पत्रा यांच्यामधें रबर घालावें, नाहींतर घर्षणानें पत्रा झिजतो. टांकीपासून सांगाड्यापर्यंत एक तार जोडावी, म्हणजे पेट्रोल ओततांना उत्पन्न होणारी वीज सांचून ठिणगी पडणार नाहीं. पंपाच्या अलीकडे गाळणी बसवावी.

इतकें करूनही पहिल्या दिवशीं आमची फजिती झाली. गाडी बांधाच्या टोंकापर्यंत गेली व बंद पडली. थोड्या वेळानें सुरू झाली, पुन्हां बंद पडली. शेवटीं झांकण उघडतांच फुस्स असा आवाज झाला व इंजिन व्यवस्थित चालूं लागलें. झांकणाचें वायुछिद्र रंगानें बुजलें होतें! पेट्रोल बाहेर जातें तितकी हवा आंत आली नाहीं, तर टांकींत पोकळी होऊन पेट्रोल पुढें सरकत नाहीं. घागरीस दुसरें छिद्र नसेल तर धार अडखळते, तसाच हा प्रकार. छिद्र मोकळें असल्याची खात्री करून मगच गाडी हांकावी.

पांच-पांच लिटर पेट्रोल घालून काठीवर खुणा करून घ्याव्या. भंगारांतील कांटा नेहमींच खरें सांगतो असें नाहीं. गाडींत अग्निशामक नळा ठेवावा. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ३९ अन्वयें नोंदणीवांचून कोणतीही मोटार सार्वजनिक ठिकाणीं चालवितां येत नाहीं, हें विसरूं नये. आमची गाडी बांधाबाहेर जात नाहीं. काटकसर हा शेतकऱ्याचा गुण खरा. पण ज्या बंधूंच्या घरीं अशी गाडी बांधली जात असेल, त्यांनीं टांकीवर आगीचें काम होऊं देण्यापूर्वीं हें पान एकदां घरच्या तरुणांना वाचून दाखवावें, एवढीच विनंती.