१६ केबीचा घास आणि तुटलेली वेलांटी

एपिसोड डाउनलोडला लावला की फाइल अख्खी एकदम येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते. आज त्या तुकड्याच्या मापाबद्दल बोलू. उदाहरण घेतोय लिबकर्लचं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने सुरू केलेली ही सी भाषेतली लायब्ररी. फाइली आणणं आणि पाठवणं हेच तिचं काम.

तुम्ही तिला तुमचं एक फंक्शन देऊन ठेवता. डेटा आला की ती ते बोलावते: 'हे घे, एवढे बाइट आहेत.' हाच कॉलबॅक. नेहमीच्या सेटिंगमध्ये एका वेळी जास्तीत जास्त १६,३८४ बाइट, म्हणजे १६ केबी. जास्तीत जास्त, बरं का! कधी दोनशेच येतील, फाइल रिकामी असेल तर शून्यही. मोठा बफर मागता येतो, पण ती नुसती विनंती असते.

ऑडिओ सरळ डिस्कवर लिहायचा असेल तर काहीच अडत नाही. गोची होते ती मराठी मजकुरात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'कि' म्हणजे क वेगळा, वेलांटी वेगळी, एकूण ६ बाइट. आता १६,३८४ ला ३ ने भागा: ५,४६१ चिन्हं, आणि १ बाइट उरतो. म्हणजे सलग देवनागरीचा पहिला घास पूर्ण भरून आला, तर तो चिन्हाच्या मधोमधच तुटणार. मध्ये स्पेस आल्या की तुटण्याची जागा सरकते, एवढंच. प्रत्येक तुकडा आल्या आल्या स्ट्रिंग करून दाखवला, की सांध्यावर तिरप्या काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह हजर! टेस्टिंग साध्या इंग्रजीत केलं तर हे दिसतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. दिसतं ते थेट तुमच्या-माझ्या स्क्रीनवर.

म्हणून बाइट नुसते जमवत जायचे आणि डीकोड शेवटी करायचं. मजकूर फारच मोठा असेल तर अर्धवट राहिलेले बाइट पुढच्या तुकड्याला जोडणारा डीकोडर वापरा. आणि हो, आलेल्या डेटाच्या शेवटी सी स्ट्रिंगचा शून्य नसतो, लांबी कॉलबॅकला मिळालेल्या आकड्यावरूनच घ्यायची.

जमवण्यालाही स्वतःची एक मर्यादा हवी, नाहीतर समोरचा सर्व्हर पाठवत राहील आणि फोनची मेमरी भरत राहील. एरवी कॉलबॅकने जितके बाइट मिळाले तितकाच आकडा परत द्यायचा असतो. मर्यादा ओलांडली की मुद्दाम शून्य द्या. लिबकर्ल एरर २३ देऊन ट्रान्सफर तिथेच थांबवतं.