आज्ञावलींचे दप्तर : स्थान व विभागणी

संगणकावरील आज्ञावली तीन प्रकारची सामग्री बाळगीत असते : वापरणाराने पसंत केलेली मांडणी, त्याच्या कामातून साठत गेलेला संग्रह, आणि केवळ वेग वाढावा म्हणून करून ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती. पहिली दोन गमावल्यास परत मिळणे कठीण. तिसरी आज्ञावली स्वतःच पुन्हा निर्माण करू शकते.

युनिक्स प्रणालीत आरंभी हा भेद पाळला जात नसे. ज्या फाईलचे नाव टिंबाने सुरू होते ती नेहमीच्या यादीत दाखवावयाची नाही, असा तेथे संकेत आहे. त्याचा आश्रय घेऊन आज्ञावली आपापल्या फाईली वापरणाराच्या मूळ कप्प्यातच दडवून ठेवू लागल्या. परिणामी राखावयाचे कोणते व टाकावयाचे कोणते, हे ओळखणे दुष्कर झाले.

२००३ मधील 'एक्सडीजी' नियमावलीने यांना स्वतंत्र जागा नेमून दिल्या : मांडणीस '.कॉन्फिग', संग्रहास '.लोकल/शेअर' आणि तात्पुरत्या प्रतींस '.कॅश'. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये रूढ केलेल्या 'ॲपडेटा' कप्प्यात मात्र विभागणीचे तत्त्व निराळे आहे. वापरणाराबरोबर संस्थेच्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकेल ते 'रोमिंग'मध्ये, आणि त्याच यंत्रापुरते असेल ते 'लोकल'मध्ये.

तथापि एक्सडीजीचे नियम ऐच्छिक आहेत. दूरस्थ यंत्रात प्रवेश देणाऱ्या 'ओपनएसएसएच'च्या गुप्त किल्ल्या आजही मूळ कप्प्यातील '.एसएसएच'मध्येच असतात. यास्तव यंत्र बदलताना केवळ दिसणाऱ्या फाईलींची, किंवा केवळ नव्या कप्प्यांची नक्कल करणारास त्या किल्ल्यांस मुकावे लागते. '.कॅश' वगळून संपूर्ण मूळ कप्पाच जतन करणे, हा त्यावर सुरक्षित उपाय होय.