नेफ्यू आणि नातू

बाबांच्या भावाचा मुलगा म्हणजे त्यांचा पुतण्या. बहिणीचा मुलगा म्हणजे भाचा. इंग्रजीत मात्र दोघेही नेफ्यू! पण खरी गंमत पुढेच आहे. हा नेफ्यू रक्ताचं नातं सांगतो ते ना पुतण्याशी, ना भाच्याशी. सांगतो थेट आपल्या नातवाशी!

कसं ते बघा. संस्कृतात नातवाला म्हणतात ‘नप्तृ’. तिकडे रोममध्ये, लॅटिन भाषेत, शब्द होता ‘नेपोस’. त्याचा अर्थ नातू आणि भाचा-पुतण्याही. संस्कृत आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे कलकत्त्यातले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी 1786 साली एका भाषणात मांडलं. कल्याण जंक्शनवरून एक गाडी कसाऱ्याला जाते, दुसरी कर्जतला. त्या मूळ भाषेचंही तसंच झालं.

‘नेपोस’ फ्रान्समध्ये पोचला आणि त्यातल्या ‘प’चा ‘व’ झाला. तिथून तो इंग्लंडला गेला. तीन-चारशे वर्षांपूर्वीपर्यंत इंग्रज नातवालाही नेफ्यू म्हणत, नंतर तो अर्थ गळाला.

आणि आपल्याकडे? ‘सप्त सप्त सप्त’ असं भराभर म्हणून बघा. प-साठी ओठ मिटावे लागतात आणि लगेच त-साठी जीभ दातांना टेकवावी लागते. दमछाक होते ना? लोकांनी ती कसरत सोडून दिली. सप्तचं झालं सत्त, मग सात. नप्तृही त्याच वाटेने नत्तु होऊन नातू झाला.

‘नत्तु’ची ही मधली भाषा होती प्राकृत, आणि ती ठाण्या-कल्याणच्या अगदी जवळ दगडावर कोरलेली आहे. ठाण्याच्या येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. सुमारे 1800 वर्षांपूर्वी कल्याणच्या व्यापाऱ्यांनी तिथे दानं दिली आणि ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लेख कोरून घेतले. लेण्यांतल्या लेखांत दात्यांबरोबर त्यांचे आई-वडील, बायको, मुलंही भेटतात. सगळं घरच दानात सामील! मला हे लेख फार आवडतात, कारण त्यांत राजांच्या लढाया नाहीत, माणसांची घरं आहेत.

इटलीत आजही नातू आणि भाचा दोघांना एकच शब्द आहे, ‘निपोते’. नातीला आणि भाचीलाही तोच. इंग्रजीतली ‘नीस’, म्हणजे भाची किंवा पुतणी, ही तर आपल्या ‘नात’ची सख्खी बहीण. आता हस्त आणि अष्ट भराभर म्हणा बरं. काय काय तयार होतंय?