फरीदाबादचा धडा

दंगल शमते, तोफा थंडावतात, परंतु उजाड झालेल्या माणसाचा वनवास तेथे संपत नाही. त्याला छप्पर आणि शिधा देणे हे शासनाचे कर्तव्यच होय. मात्र तेवढ्याने माणूस जगतो, पुन्हा उभा राहतोच असे नाही. या दृष्टीने फरीदाबादची कथा आम्हांस मोलाची वाटते.

फाळणीनंतर बन्नू, डेरा इस्माईलखान आदी वायव्य सरहद्दीच्या भागांतून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९ साली दिल्लीजवळ हे नवे नगर वसविण्याचे ठरले. विकास मंडळाचे अध्यक्ष होते राजेंद्रप्रसाद. पंडित नेहरू त्याच्या बैठकांना जातीने उपस्थित राहत. घरे ठेकेदारांकरवी बांधावीत, असा सरकारी शिरस्ता. पण कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनने वेगळा आग्रह धरला : ज्यांची घरे, त्यांनीच ती बांधावीत.

ही मंडळी मूळची बहुतांशी दुकानदार व व्यापारी. यांच्या हातून वीट कशी रचली जाणार, अशी शंका निघाली. त्यांनी सहकारी संस्था काढल्या, काम शिकून घेतले आणि पाच हजारांहून अधिक घरे उभारली. कामाची मजुरी मिळाली, तीतून चूल पेटली आणि फुकटच्या शिध्याची लाचारी सरली. मुलांच्या शिक्षणासाठी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची नई तालीम तेथे पोहोचली. हाताने काम करीत शिकावे, हे तिचे सूत्र. ज्या वसाहतीत वडील विटा रचीत होते, तेथे ते मुलांना निराळे समजावून सांगावे लागले नसेल!

पुढे मात्र खात्याचा कारभार वरचढ झाला, मंडळाची स्वायत्तता आटली आणि सहकारी संस्था कोमेजल्या. या प्रयोगात प्रत्यक्ष वावरलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी ही उमेदीची आणि निराशेची हकीकत १९९८ साली ग्रंथरूपाने मांडली. नगर वाढले, त्याला कारखानदारीचा लौकिकही लाभला. परंतु आपल्या वस्तीचा कारभार आपण पाहावा, हा मूळ हेतू मागे पडला.

इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या मराठी घरांना फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा शेजार नवा नाही. त्या शेजाऱ्यांनी दया मागितली नाही, वाव मागितला. म्हणून आज जगात कोठेही युद्धानंतर पुनर्वसनाच्या योजना आखल्या जातात तेव्हा आम्हांस एकच विचारावेसे वाटते : ज्यांच्यासाठी हे चालले आहे, त्यांना बैठकीत जागा आहे काय? ती नसेल, तर भिंती उभ्या राहतील. गाव मात्र वसणार नाही.