अवचित भेटींचं वेळापत्रक

सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार नावाचा तरुण हत्ती सिंधुदुर्गातून गोव्यातल्या पेडणे तालुक्यात उतरला आणि मोपा, तांबोसे भागातल्या शेतकऱ्यांची झोप उडाली. सगळं अचानक घडल्यासारखं वाटलं. पण कर्नाटकातून आलेले हत्ती २००२ पासून दोडामार्ग-तिलारीच्या खोऱ्यात वावरतायत. तिथून पेडण्याची हद्द हत्तीच्या चालीने फार लांब नाही. त्यात सप्टेंबरात भात लोंबीला आलेलं असतं आणि केळीही उभ्या असतात. आश्चर्य करायचंच तर तो इतक्या उशिरा आला याचं करावं.

हत्ती मोठा, म्हणून त्याची बातमी होते. न्हाणीतला साप, गडग्यावरची घोरपड किंवा कुत्र्याला फिरवताना वाटेत आडवी आलेली घोणस शेजाऱ्यापाजाऱ्यांत चर्चिली जाते आणि विसरली जाते. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घराला लागून कुळागर, कुळागरामागे डोंगर आणि डोंगरावर कातळाचा सडा असतो. जंगल कुठे संपतं आणि परसू कुठे सुरू होतं, हे ठरवणारी रेघ फक्त सर्व्हेच्या नकाशावर असते.

ओसरीवरचा दिवा घ्या. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या त्याच्याभोवती घिरट्या घालतात आणि त्यांच्यासाठी पाली जमतात. पालींच्या मागावर कवड्या साप येतो. चिऱ्याची खडबडीत भिंत तो सहज चढतो, म्हणून कधी खिडकीच्या चौकटीत तर कधी कौलाखाली दिसतो. तो बिनविषारी आहे, तरी मण्यार समजून बहुधा ठेचला जातो. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, पण कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असून शेपटीकडे पुसट होतात आणि मण्यारीचे शेपटीकडे स्पष्ट होत जातात. पुस्तकात हा फरक सोपा वाटतो. रात्री दोन वाजता, चष्मा उशाशी असताना, तो तपासायला जाऊ नये. शिवाय मण्यार इतर सापही खाते, कवड्यासुद्धा. एका दिव्याने सुरू झालेली साखळी अशी देशातल्या अतिविषारी सापांपैकी एकापर्यंत पोचू शकते.

मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही आणि दाताच्या खुणाही कित्येकदा दिसत नाहीत. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकू लागतो. नीट खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच तिलाही अडवते. हा साधा उपाय आपण विसरत चाललो आहोत, कारण डासांसाठी आता भिंतीत खोचायचं यंत्र मिळतं.

धामणीची गोष्ट वेगळी. नारळाच्या सोडणांचा आणि चुडतांचा ढीग पावसाळाभर परसात पडून राहिला की उंदीर तिथे बिऱ्हाड करतात आणि धामण त्यांच्या मागे येते. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या झाल्या की ‘नाग-धामण जुळली’ असं गावात म्हणतात. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा दोन नरांची कुस्ती असते. दुसऱ्याचं डोकं खाली दाबेल तो जिंकतो आणि चावाचावी जवळपास होत नाही. धामणीत नरही असतात आणि नागाच्या जातीत मादीही असते, हे सांगूनही पटत नाही. गायीचं दूध पिण्याचा आरोपही धामणीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. सापाच्या तोंडाला चोखणं जमतच नाही.

नाग मात्र वारुळात राहतो म्हणतात ते खरं आहे, फक्त वारूळ बांधतात वाळव्या. या भागात सातेरी रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात पुजली जाते. त्यामुळे जी वारुळं कुदळीतून वाचली, ती साप, घोरपडी आणि बेडकांना दमट आसरा देत राहिली. उलट पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन डरांव डरांव करणारे मोठे बेडूक बंदी असूनही ‘जंपिंग चिकन’ म्हणून ताटात जातात. किडे खाणारा आणि स्वतः सापाचं खाद्य असलेला प्राणी असा मधूनच उचलला, की साखळीची दोन्ही टोकं हलतात.

आता कुत्र्याला घेऊन बाहेर पडू. माणूस डोळ्यांनी चालतो आणि कुत्रा नाकाने, तेही जमिनीला लावलेल्या. म्हणून कुत्र्यांना साप बऱ्याचदा तोंडावर किंवा पुढच्या पायाला चावतो. घोणस सुकलेल्या पानांत दिसत नाही. पळून जाण्याऐवजी ती वेटोळं घालून प्रेशर कुकरच्या शिटीसारखा फुत्कार सोडते. माणसाला हा इशारा पुरतो, पण कुत्र्याला ते आमंत्रण वाटतं. थंडीत घोणशींचा मीलनकाळ असतो आणि नर फिरतीवर असतात. मे ते जुलैच्या सुमारास मादी थेट पिल्लांनाच जन्म देते, कधी वीस, कधी चाळीस. ती पहिल्या दिवसापासून विषारी असतात. सड्यावर फुरसंही असतं, वीतभर लांब आणि कातळाच्याच रंगाचं. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात घोणशीचा वाटा सर्वांत मोठा होता.

म्हणून पट्टा आखूड ठेवावा, अंधारात टॉर्च घ्यावा आणि गवतापेक्षा रस्त्याच्या मधून चालावं. कुत्र्याला दंश झालाच तर घट्ट बांधू नये आणि कापू नये. त्याला न चालवता उचलून पशुवैद्याकडे न्यावं. माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यांनाही देतात.

संध्याकाळी सड्यावरून कोल्हेकुई ऐकू येते तेव्हा कुत्रा कान टवकारतो. कोल्ह्याकडून त्याला रेबीज होऊ शकतो, पण लस दिलेली असेल तर काळजीचं फारसं कारण नाही. गोव्याने कुत्र्यांचं व्यापक लसीकरण करून कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आणल्याचं २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आलं आहे.

बिबट्याचा हिशेब निराळा आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा वजनाच्या हिशेबात त्याच्या आहारातला ३९ टक्के भाग एकट्या कुत्र्यांचा निघाला. अकोल्यात अरण्य नाही, ऊसशेती आहे. डिचोलीत तर झाडोराही आहे आणि बंद पडलेल्या खाणींचे निर्मनुष्य परिसरही आहेत. उघड्यावर टाकलेल्या खरकट्यावर कुत्रे पोसले जातात आणि त्या कुत्र्यांवर बिबट्या. खळ्यात साखळीने बांधलेला कुत्रा घराची राखण करतो असं आपण समजतो. बिबट्याच्या दृष्टीने ते पळू न शकणारं भक्ष्य असतं. कुत्र्याला रात्री दाराआड घेणं हीच त्याची खरी राखण.

पेडण्याच्या किनाऱ्यावर हे नातं उलटं होतं. मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूवर येऊन शंभराच्या आसपास अंडी पुरते. ती उबायला दीड-दोन महिने लागतात. तिथे मोकळा सोडलेला कुत्रा हाच घुसखोर असतो. तो वास घेत घरटं उकरतो, किंवा पाण्याकडे निघालेली पिल्लं पकडतो. वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालून पहारा ठेवतं. पण अंडी घालण्याचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम नेमका एकच, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्याच महिन्यांत शॅकचे दिवे पिल्लांना समुद्राच्या उलट दिशेला ओढतात आणि शॅकमागे टाकलेलं उष्टं किनाऱ्यावर कुत्र्यांची गर्दी वाढवतं.