अमावास्येचे आकाश आणि सहकुटुंब तारकादर्शन

लक्ष्मीपूजनाची अमावास्या ही जैन व्यापारी कुटुंबांत वर्षातील सर्वांत उजळ रात्र मानली जाते. भगवान महावीरांच्या निर्वाणाची ती रात्र. घरोघरी, पेढ्यांवर आणि मंदिरांत दिव्यांच्या ओळी लागतात. त्याच रात्री आकाशात चंद्र नसल्यामुळे ताऱ्यांचे वैभवही पूर्णत्वास पोहोचलेले असते. परंतु पुण्यात ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. रविवार पेठेतून अथवा मार्केट यार्डातून निरभ्र रात्री वर पाहिले, तर मोजके ठळक तारे आणि एखाददुसरा ग्रह एवढेच दिसते. आजोबांनी गावाकडच्या अंगणात झोपून पाहिलेली आकाशगंगा नातवंडांना केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रातून ठाऊक आहे.

ही स्थिती एकट्या पुण्याची नाही. कृत्रिम प्रकाशामुळे उजळलेल्या आकाशाचा जागतिक नकाशा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. अमेरिकेतील जॉन बॉर्टल या हौशी निरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या काळोखासाठी एक ते नऊ अशी श्रेणी मांडली. पहिल्या श्रेणीत अस्सल काळोख, तर नवव्या श्रेणीत महानगराचा मध्यभाग येतो. पुण्याच्या पेठा या श्रेणीच्या अखेरच्या टोकाला आहेत. त्यामुळे तारे पाहायचे असतील, तर आता त्यांच्यासाठी प्रवास करावा लागतो. अनेक संघ आणि मंडळे दरवर्षी सहकुटुंब तीर्थयात्रा काढतात. त्याच शिस्तीने तारकादर्शनाची सहल आखणे सहज शक्य आहे.

तिथी कोणती निवडावी?

काळोख्या आकाशासाठी नेमकी अमावास्याच हवी असे नाही. वद्य एकादशीपासून चंद्र उत्तररात्री उशिरा उगवतो आणि शुद्ध तृतीयेपर्यंत तो संध्याकाळीच मावळतो. म्हणजे प्रत्येक महिन्यात सात-आठ रात्री उपयोगी पडतात. अमावास्येला प्रवासास निघणे ज्या घरांत आजही टाळले जाते, त्यांचीही अडचण यामुळे उरत नाही. एकादशी आणि चतुर्दशी या पर्वतिथींना अनेकांचे उपवास, आयंबिल किंवा हिरव्या भाजीचा त्याग असतो. म्हणून वद्य द्वादशी किंवा त्रयोदशीची रात्र धरली, तर स्वयंपाकाचा प्रश्नही सुटसुटीत होतो.

महिन्यांचा विचार केला, तर निसर्ग आणि धर्म एकच उत्तर देतात. चातुर्मासात पुणे परिसरात ढगांचे राज्य असते आणि पुष्कळ कुटुंबे त्या काळात लांबचा प्रवास करीत नाहीत. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, तोवर आकाशही निवळलेले असते. मार्गशीर्ष, पौष आणि माघ हे तीन महिने सर्वोत्तम. मात्र व्यापाऱ्याला पंचांगाबरोबर करांचे वेळापत्रकही पाहावे लागते. आगाऊ प्राप्तिकराचा तिसरा हप्ता १५ डिसेंबरला आणि जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेला असते. मार्चमध्ये तर वर्षअखेरीची धांदल. हे दिवस वगळून तीन महिने आधी तारीख ठरवली, तर ऐनवेळी गळती होत नाही. डिसेंबरच्या १३-१४ तारखेस मिथुन राशीतील उल्कावर्षाव ऐन भरात असतो. त्या सुमारास चंद्र आड येत नसेल, तर अशा वर्षी हा योग अवश्य साधावा.

ठिकाण : जवळचे आणि दूरचे

पहिल्या सहलीसाठी एका रात्रीचे अंतर पुरे. भोर आणि वेल्हे या परिसरांत सह्याद्रीच्या रांगा शहराचा उजेड बऱ्याच अंशी अडवतात. उत्तरेस जुन्नर तालुका आहे. तेथे नारायणगावजवळ खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राची विशाल रेडिओ दुर्बीण असून तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. ही दुर्बीण पाहण्यासाठी फेब्रुवारीअखेरीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनी विद्यार्थ्यांची आणि नागरिकांची मोठी गर्दी होते. याच परिसरात गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. शास्त्रज्ञांनी वेधशाळेसाठी ज्या भागाची निवड केली, तो भाग हौशी निरीक्षकांनाही मानवणारा आहे.

जुन्नरच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र अनिवार्य आहे. या तालुक्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असतो. माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्र त्यासाठीच प्रसिद्ध आहे. उघड्या माळावर न जाता कुंपण असलेले आवार, शाळेचे पटांगण किंवा मुक्कामाच्या इमारतीची गच्ची निवडावी. लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये.

सवड असेल, तर दुसरा पर्याय नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचा. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असे जगातील पहिले उद्यान २००७ साली अमेरिकेतील युटा राज्यात आणि ऑस्ट्रेलियातील पहिले २०१६ साली वॉरमबंगल येथे घोषित झाले होते. पेंचची वेधशाळा बावनथडी जलाशयाच्या काठी वाघोली या गावी आहे. नाव तेच असले, तरी पुण्याच्या नगर रस्त्यावरील वाघोलीशी या गावाचा काही संबंध नाही.

पुण्याहून नागपूरला रेल्वेने रात्रभराच्या प्रवासाने जाता येते. तेथून पेंचच्या वाटेवर सुमारे ५० किलोमीटरवर रामटेक लागते. तेथील भगवान शांतिनाथांचे प्राचीन दिगंबर जैन तीर्थ सर्वपरिचित आहे. सकाळी दर्शन-पूजन, भोजनशाळेतील सात्त्विक भोजन आणि रात्री आकाशदर्शन असा क्रम लावला, तर यात्रा आणि तारकादर्शन दोन्ही साधतात. जंगल परिसरातील रात्रीच्या कार्यक्रमासाठी वनविभागाकडून वेळ आणि परवानगी आगाऊ निश्चित करावी लागते.

लडाखमधील हानले येथील आकाश भारतातील सर्वोत्तम आकाशांपैकी एक आहे आणि तेथील राखीव क्षेत्राची अधिसूचना डिसेंबर २०२२ मध्ये निघाली. परंतु सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील त्या वेधशाळेच्या परिसरात विरळ हवा आणि कडाक्याची थंडी असते. ज्येष्ठांसह निघणाऱ्या समूहाने तो मोह टाळावा.

चौविहाराची अडचण नव्हे, सोय

रात्री जागायचे आणि रात्रभोजन तर करायचे नाही, मग हे जमायचे कसे, ही शंका सर्वप्रथम निघते. घड्याळ समोर ठेवले, की ती दूर होते. डिसेंबरअखेरीस पुण्यात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. परंतु आकाश पूर्ण काळे होण्यास त्यानंतर सुमारे सव्वा तास लागतो. पाच वाजता पंगत बसली, पावणेसहापर्यंत चौविहाराचे पच्चक्खाण झाले आणि मग प्रतिक्रमण आटोपले, की नेमकी दर्शनाची वेळ होते. इतर समूहांना रात्री नऊला जेवणासाठी दिवे लावून बसावे लागते आणि अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात. चौविहार पाळणाऱ्या समूहावर ही वेळ येत नाही.

थंडीच्या रात्री पाण्याची तहानही कमी असते. मधुमेह असणाऱ्या किंवा वेळेवर औषध घ्यावे लागणाऱ्या ज्येष्ठांनी वैद्यांचा सल्ला घेऊन तिविहार करावा किंवा पूर्वार्धातच विश्रांतीस जावे. सकाळच्या नवकारशीसाठी सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबायचे असतेच. तो वेळ आवराआवरीस पुरतो. कंदमूळवर्ज्य स्वयंपाकासाठी महाराज सोबत न्यावा किंवा जवळच्या तीर्थाच्या भोजनशाळेशी आधी बोलून ठेवावे. पाणी गाळून, उकळून बरोबर घ्यावे.

जीवदयेचा विचारही येथे शास्त्राच्या बाजूने उभा राहतो. सहलीत शेकोटी पेटवण्याची हौस अनेकांना असते. शेकोटीत असंख्य कीटक होरपळतात आणि तिच्या उजेडाने आकाशही फिके पडते. प्रखर दिव्याऐवजी लाल कागद लावलेली मंद विजेरी वापरली, तर पायाखालची जमीन दिसते, किडे फारसे आकर्षित होत नाहीत आणि डोळ्यांचा सरावही मोडत नाही. काळोखाला डोळे पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे क्षणभर पाहिले, तरी ती साधना वाया जाते. म्हणून सर्व भ्रमणध्वनी एका पिशवीत जमा करण्याचा नियम आधीच सांगावा. जाजम दिवसा उजेडात जागा पुंजून अंथरावे आणि एकदा बसल्यावर विनाकारण हिंडू नये.

दुर्बीण, माणसे आणि हिशेब

चाळीस जणांची एक बस हा सोयीचा आकडा. एकच दुर्बीण असेल आणि प्रत्येकाला दोन मिनिटे दिली, तर एक वस्तू पाहण्यासच ऐंशी मिनिटे जातात. शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत आकाश वीस अंशांनी सरकलेले असते. म्हणून किमान दोन दुर्बिणी आणि चार-पाच द्विनेत्री हव्यात. दाखवणारा जाणकार तर हवाच. टिळक स्मारक मंदिरात कार्यालय असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून पुण्यात हौशी निरीक्षकांना घडवीत आहे. हौशी खगोलप्रेमींची ती देशातील सर्वांत जुनी संस्था होय. अशा संस्थेशी संपर्क साधून मार्गदर्शकाचे मानधन आणि साहित्य यांची बोलणी आधीच करावीत.

खर्चाचे दोन भाग पाडावेत. बस, मार्गदर्शक आणि दुर्बिणी हा स्थिर खर्च. माणसे घटली, तरी तो घटत नाही. भोजन आणि मुक्काम हा माणशी खर्च. स्थिर खर्चाची वाटणी चाळीसऐवजी बत्तीस जणांत करून वर्गणी ठरवावी, म्हणजे आठ जण गळाले तरी तूट येत नाही आणि सर्व आले तर शिल्लक परत देता येते. ढग आले तर पैसे परत मिळणार का, हा वादाचा विषय असतो. त्याचा नियम वर्गणी घेण्यापूर्वी लेखी द्यावा. पर्यायी रात्र पुढील महिन्याच्या त्याच तिथीस राखून ठेवणे हा उत्तम मार्ग. रक्कम दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवावी आणि परतल्यापासून आठ दिवसांत हिशेब सर्वांना द्यावा. पुढच्या सहलीस माणसे जमतात ती या विश्वासावरच.

काय पाहावे, मुलांना काय सांगावे?

मार्गशीर्षात अंधार पडता पडता वायव्येस अभिजित दिसतो. जैन आगमांत नक्षत्रे सत्तावीस नव्हे, तर अठ्ठावीस मोजली आहेत आणि ते अठ्ठाविसावे नक्षत्र म्हणजे हाच अभिजित. डोक्यावर देवयानी दीर्घिका, अंधुक धुरकट डागासारखी. तिच्यापासून निघालेला प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षे प्रवास करून डोळ्यांत शिरतो. पूर्वेस कृत्तिका, रोहिणी आणि मृग, त्यामागोमाग व्याध. व्याधाचा प्रकाश येथे पोहोचण्यास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. तिसरी-चौथीतल्या मुलाला सांगावे, की आज दिसणारा हा किरण तू तान्हा असताना निघाला. मुले ते विसरत नाहीत.

मग मोठी मुले प्रश्न विचारतील. सूर्यप्रज्ञप्ती आणि चंद्रप्रज्ञप्ती या आगमग्रंथांत जंबूद्वीपावर दोन सूर्य आणि दोन चंद्र सांगितले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात ज्योतिष्क देवांचे वर्णन येते. दुर्बिणीतून दिसणारे आणि ग्रंथातले जुळत कसे नाही? हा प्रश्न दटावून मिटवू नये. दुर्बीण नसलेल्या काळात आचार्यांनी दिवसाची वाढ-घट, सूर्याचे उत्तरायण-दक्षिणायन आणि नक्षत्रांची गती गणिताने मांडण्याचा प्रयत्न केला, हे त्यांना सांगावे. नव्या साधनांनी नवे मोजमाप आले, हेही सांगावे. जिज्ञासेला अपराध न मानणारे घर मुलांना धर्मापासून दूर लोटत नाही.

परतल्यानंतर

पेंचच्या काळोखामागे तेथील गावकऱ्यांचा वाटा आहे. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचे तोंड जमिनीकडे करण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. आकाशात वाया जाणारा उजेड तेवढा रस्त्यावर आला.

व्यापारी समाजाने येथे थोडे थांबून पाहावे. दुकान बंद झाल्यावरही रात्रभर जळणारी पाटी, गोदामावरील आडवा झोत, विवाहसमारंभातील आकाशात फिरणारे झोत आणि मंदिराच्या शिखरावरील अखंड रोषणाई यांखाली पावसाळ्यात सकाळी मेलेल्या कीटकांचा खच पडलेला असतो. सूर्यास्तानंतर भोजन वर्ज्य करण्यामागे सूक्ष्म जीवांची हिंसा टाळणे हे एक प्रमुख कारण सांगितले जाते. ताटातील दक्षता पाळणाऱ्या घराने पाटीच्या दिव्याकडे दुर्लक्ष करणे सुसंगत नाही. पाटीला वेळेवर बंद होणारे यंत्र बसवणे, झोताला वरून झाकण घालणे आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा वापरणे यांचा खर्च किरकोळ असून वीजबिलातून तो वसूलही होतो. सहलीस गेलेल्या चाळीस जणांच्या घरी आणि दुकानी असा एकेक दिवा बदलला गेला, तर पुढील वर्षीच्या सहलीचा हिशेब मांडताना त्या दिव्यांचीही नोंद संघाच्या वहीत करता येईल.