ध्वनिमुद्रिकांसाठी स्वनिर्मित पूर्वप्रवर्धक

चलचुंबकी कार्ट्रिजमधून मिळणारा विद्युत्संकेत अत्यंत क्षीण, साधारणतः ५ मिलिव्होल्ट एवढाच असतो. तो सुमारे शंभर पट वाढविणे हे पूर्वप्रवर्धकाचे, म्हणजेच प्रीअॅम्प्लिफायरचे, पहिले कार्य होय. दुसरे कार्य अधिक नाजूक आहे. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले व तारस्वर उठावाने घेतलेले असतात. अन्यथा खर्जाच्या रुंद लाटा शेजारच्या खोबणीत शिरतील आणि बारीक स्वर खरखरीत बुडतील. वादनाच्या वेळी ही क्रिया उलट करावी लागते. त्यासाठी अमेरिकेतील रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशनने १९५४ मध्ये ३१८०, ३१८ व ७५ मायक्रोसेकंद हे कालस्थिरांक प्रमाण ठरविले. एनई५५३२ हा स्वस्त आयसी, काही रोधक व धारित्रे एवढ्या सामग्रीत हे साधते. नवख्याला खरा त्रास होतो तो ५० हर्ट्‌झच्या गुणगुणाटाचा. खर्ज उचलणारा परिपथ त्यालाही उचलतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर दूर ठेवावा व सर्व भूजोडण्या एकाच बिंदूस आणाव्यात.

बालगंधर्वांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मात्र या प्रमाणापूर्वीच्या आहेत. त्यांत तारस्वरांना तसा उठाव दिलेला नसल्याने आजच्या पूर्वप्रवर्धकातून ते नाहक कापले जातात आणि गायकाचा गळा कोंदट भासतो. अनेक संग्रहांचे संगणकीय जतन याच दोषासह होण्याचा धोका आहे. तयार यंत्रात यावर बहुधा उपाय नसतो. स्वतः बांधलेल्या परिपथात ७५ मायक्रोसेकंदांचा टप्पा स्वतंत्र ठेवल्यास त्यातील धारित्र एका बटणाने तोडता येते. अशा तबकड्यांना सुईही अधिक रुंद टोकाची लागते.